मेल पार्टीच्या स्पॅममध्ये पडतोय? हेडरपासून डीमार्कपर्यंत तपासायचा क्रम

छोट्या कंपन्यांची कॉम्प्युटरची कामं करताना माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे "मेल जातो, पण पोचत नाही". एमआयडीसीतलं वर्कशॉप असो, ट्रॅव्हल कंपनी असो की क्लासेस, बिघाड बहुतेक वेळा एकच निघतो. मला बोलावण्याआधी लोकांनी बरंच काही करून पाहिलेलं असतं. कोणी विषयातला "अर्जंट" शब्द काढलेला असतो, कोणी सहीतला लोगो लहान केलेला असतो, आणि एकाने तर वैतागून महागडा प्लॅन घेतला होता. मूळ भानगड डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती ठेवणाऱ्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत असते, आणि ती दुरुस्त करायला बहुतेकदा एक रुपयाही लागत नाही.

लक्षणं

पार्टी म्हणते कोटेशन आलंच नाही, शोधायला लावलं की स्पॅममध्ये सापडतं. त्यांनी एकदा उत्तर दिलं की पुढचे मेल नीट जातात, पण नवीन पार्टीला पुन्हा तोच प्रकार.

मालकांचे मेल पोचतात, पण अकाउंट्समधून टॅलीवरून गेलेली इन्व्हॉइस पोचत नाहीत.

जीमेलमध्ये तुमच्या नावाशेजारी फोटोच्या गोलात प्रश्नचिन्ह दिसतं, किंवा नावापुढे "व्हाया" लिहून भलत्याच डोमेनचं नाव येतं.

वेबसाइटच्या एन्क्वायरी फॉर्मचे मेल हळूहळू येईनासे होतात. हे कळायला सगळ्यात उशीर लागतो, कारण न आलेल्या मेलची तक्रार कोण करणार?

आणि जवळजवळ नेहमी, अलीकडे काहीतरी बदललेलं असतं: नवीन वेबसाइट, नवीन होस्टिंग, किंवा मेल गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा झोहोवर हलवलेले.

सेंट फोल्डरमध्ये तुम्ही न पाठवलेले मेल दिसत असतील, किंवा अनोळखी पत्त्यांवरून शेकडो बाउन्स (मेल पोचला नाही असे परत आलेले संदेश) यायला लागले असतील, तर खालचं काही करत बसू नका. थेट शेवटच्या भागावर जा.

हे आत्ताच का वाढलं

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,०००च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे झाले. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल आणि लाइव्हच्या पत्त्यांसाठी असाच नियम मे २०२५ पासून लावला. "आम्ही कुठे पाच हजार पाठवतो?" हे मी रोज ऐकतो. पण गूगलच्या नियमांत लहानमोठ्या सगळ्यांसाठीच एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी हवंच आहे. आकडा कितीही छोटा असला तरी ओळख पटवल्याशिवाय आत घेतील याची खात्री उरलेली नाही.

तिघांचं काम थोडक्यात असं. एसपीएफ ही तुमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी. डीकेआयएम ही प्रत्येक मेलवर मारलेली डिजिटल सही. मधे कोणी मजकूर बदलला तर ती जुळत नाही. डीमार्क सांगतो, की या दोन्हींपैकी काहीच पटलं नाही तर मेलचं काय करायचं आणि त्याचा अहवाल कुठे पाठवायचा. डीमार्कची आणखी एक अट असते, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. प्रत्येक मेलवर पाठवणाऱ्याची दोन नावं असतात: पाकिटामागे लिहिलेला परतीचा पत्ता, आणि आतल्या लेटरहेडवरचं नाव. वाचणाऱ्याला दिसतं ते लेटरहेड, म्हणजे "फ्रॉम". एसपीएफ तपासतं पाकिटामागचा पत्ता. डीमार्क म्हणतो, पास झालेलं डोमेन आणि लेटरहेडवरचं डोमेन एकच असलं पाहिजे. याला अलाइनमेंट म्हणतात.

पहिली तपासणी: मूळ हेडर, म्हणजे मेलसोबत जाणारी तांत्रिक माहिती बघा (फुकट, दोन मिनिटं)

कंपनीच्या पत्त्यावरून स्वतःच्या खाजगी जीमेलवर एक मेल टाका. तो फोनवर नाही, कॉम्प्युटरवर उघडा, कारण जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये ही सोय नाही. मेलच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, त्यात "शो ओरिजिनल". वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा ओळी आणि प्रत्येकीसमोर पास किंवा फेल दिसेल. एखादी ओळच नसेल तर ती गोष्ट लावलेलीच नाही.

इथे लोक घाईत "डीकेआयएम पास" वाचून पुढे जातात. त्याच ओळीत पुढे कोणत्या डोमेनने सही केली ते लिहिलेलं असतं, ते वाचा. वर्कस्पेस घेतलं पण डीकेआयएम चालू केलं नाही, तर गूगल आपल्या "जीॲप्सएसएमटीपी डॉट कॉम" या डोमेनची सही मारतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये तीच गोष्ट "ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम"च्या नावाने होते. पास आहे, पण सही तुमची नाही, आणि डीमार्कच्या लेखी तिचा उपयोग शून्य.

ही चाचणी एकाच पत्त्यावरून करून थांबू नका. टॅलीतून एक इन्व्हॉइस, वेबसाइटच्या फॉर्ममधून एक एन्क्वायरी, न्यूजलेटरच्या सेवेतून एक नमुना, पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमधून एक स्लिप, असं सगळं त्याच जीमेलवर मागवा आणि प्रत्येकाचं हेडर बघा. कुठला रस्ता बिघडलाय ते इथेच कळतं. पुढची अर्धी मेहनत वाचते.

दुसरी: बाउन्सचा मजकूर शेवटपर्यंत वाचा

बाउन्स आला की लोक तो डिलीट करतात. त्यातला आकडा महत्त्वाचा. जीमेलकडून ५५०-५.७.२६ म्हणजे ओळख पटली नाही. आउटलुककडून ५५० ५.७.५१५ म्हणजे त्यांच्या नव्या नियमांत बसत नाही. ५.१.१ असेल तर पत्ताच चुकलाय किंवा ते खातं बंद झालंय. तिथे डीएनएसशी खेळून काही होणार नाही. पार्टीच्या माणसाने नोकरी सोडलेली असते आणि आपण एसपीएफ शोधत बसतो, असं बरेचदा घडतं.

तिसरी: तुमचा डीएनएस खरोखर कुठे आहे?

रेकॉर्डला हात लावण्याआधी हे कराच. डोमेन एकाकडून घेतलेलं, वेबसाइट दुसऱ्याकडे, मेल तिसऱ्याकडे, आणि मधे कोणीतरी क्लाउडफ्लेअर ही डीएनएस सांभाळणारी सेवा लावून गेलेला. रेकॉर्ड फक्त तिथेच चालतात जिथे डोमेनचे नेमसर्व्हर (डोमेनचा डीएनएस कुठे आहे ते सांगणारी नोंद) बोट दाखवतात. होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये रेकॉर्ड टाकला, सेव्ह झाला, हिरवी पट्टी आली, आणि बाहेरच्या जगात तो कुणालाच दिसत नाही, हे प्रकरण मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारतो.

गूगल ॲडमिन टूलबॉक्समधलं "डिग" किंवा एमएक्सटूलबॉक्स उघडा, डोमेन टाका आणि एनएस (नेमसर्व्हर) रेकॉर्ड बघा. ज्या कंपनीचं नाव येईल तिच्याच पॅनेलमध्ये पुढची सगळी कामं करायची. त्या पॅनेलचं लॉगिन कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसेल, तर आधी ते मिळवा. सोडून गेलेल्या वेब डिझायनरच्या नावावर डोमेन असणं ही आपल्याकडची फार जुनी गोष्ट आहे.

चौथी: एसपीएफ

आधी कागदावर यादी करा: तुमच्या डोमेनच्या नावाने मेल कोण कोण पाठवतं? मेलबॉक्सची कंपनी, वेबसाइटचा सर्व्हर, टॅली किंवा ईआरपी, न्यूजलेटर, सीआरएम. मग डीएनएसमधला टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद, एसपीएफ त्यातच असतं) काढा आणि दोन्ही ताडून बघा.

सगळ्यात जास्त सापडणारा दोष म्हणजे दोन रेकॉर्ड. जुन्या होस्टिंगवाल्याने टाकलेला एक, वर्कस्पेस घेताना कोणीतरी भर घातलेला दुसरा. दोन्ही स्वतंत्रपणे वाचले तर बरोबर वाटतात. पण एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच असावा लागतो. दोन दिसले की समोरचा सर्व्हर "पर्मएरर" (कायमची चूक) देतो आणि दोन्ही निकामी होतात. दोघांतले "इनक्लूड" (दुसऱ्या सेवेची यादी जोडून घेणारे भाग) एकाच ओळीत आणा आणि दुसरा रेकॉर्ड काढून टाका.

दुसरा दोष मर्यादेचा. रेकॉर्ड तपासताना समोरच्या सर्व्हरने डीएनएसकडे जास्तीत जास्त १० वेळा चौकशी करायची असते. प्रत्येक "इनक्लूड" एक चौकशी खातो, आणि त्याच्या पोटात आणखी इनक्लूड असतील तर तेही धरले जातात. सर्व्हरचा आकड्यांतला आयपी पत्ता थेट लिहिला तर चौकशी लागत नाही. जी सेवा दोन वर्षांपूर्वी बंद केली तिचा इनक्लूड अजून तिथेच लोंबकळत असतो. तो काढला की बहुतेकांचं भागतं.

रेकॉर्डच्या शेवटी "ऑल"च्या आधी काय चिन्ह आहे तेही बघा. नागमोडी टिल्ड म्हणजे यादीबाहेरच्यांकडे संशयाने बघा, वजा म्हणजे नाकारा. तिथे अधिक चिन्ह असेल तर जगातल्या कुठल्याही सर्व्हरला तुमच्या नावाने पाठवायची मुभा दिलेली आहे. ते आजच बदला.

रेकॉर्ड कधीही वर्डच्या फाइलमधून कॉपी करू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवतं, आणि डोळ्याला फरक दिसत नाही. सेवा देणाऱ्याच्या पॅनेलमधून थेट उचला.

पाचवी: डीकेआयएम

एकच गोष्ट नीट लावायला वेळ असेल तर डीकेआयएम लावा, असं माझं मत आहे. कारण फॉरवर्डिंग. तुम्ही पार्टीच्या "परचेस" पत्त्यावर मेल टाकता, तिथून तो आपोआप मॅनेजरच्या जीमेलवर फॉरवर्ड होतो. आता जीमेलला मेल देणारा सर्व्हर पार्टीचा असतो, तुमच्या एसपीएफच्या यादीतला नाही. एसपीएफ पडतं. मजकुराला हात लागला नसेल तर डीकेआयएमची सही मात्र तशीच टिकते. "काही पार्ट्यांना जातो, काहींना नाही" या गूढ तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

वर्कस्पेसमध्ये ॲडमिन कन्सोलमधून "की" (सहीची डिजिटल किल्ली) तयार करायची, ती डीएनएसमध्ये टीएक्सटी म्हणून टाकायची आणि परत कन्सोलमध्ये येऊन "स्टार्ट ऑथेंटिकेशन" दाबायचं. हे शेवटचं बटण दाबायचं राहून गेलेलं असतं! रेकॉर्ड डीएनएसमध्ये छान दिसतो, सही मात्र गूगलचीच चाललेली असते. वर्कस्पेस नवंकोरं असेल तर ही "की" मिळायलाच २४ ते ७२ तास लागू शकतात, तोवर घाई करून उपयोग नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये दोन सीनेम रेकॉर्ड (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) टाकून मग सही चालू करायची असते.

"की" घेताना २०४८ बिटची घ्या. ती लांब असते. टीएक्सटी रेकॉर्डमधला एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, म्हणून काही जुनी पॅनेल ती मधेच तोडतात किंवा अर्धीच साठवतात. टाकल्यावर बाहेरून "डिग" करून शेवटची अक्षरं जुळवून बघा.

आणि नावाचा खेळ. रेकॉर्डचं नाव लिहायच्या चौकटीत काही पॅनेल तुमचं डोमेन मागे आपणहून जोडतात. तुम्हीही पूर्ण नाव लिहिलंत की डोमेन दोनदा येतं, आणि रेकॉर्ड भलत्याच नावाने जमा होतो. डीमार्कलाही हीच ठेच लागते.

सहावी: फ्रॉममधलं नाव जुळतंय का

वेबसाइटच्या फॉर्मचं दुखणं इथलं. बरेच फॉर्म ग्राहकाने भरलेला पत्ताच "फ्रॉम"मध्ये टाकून मेल पाठवतात, म्हणजे तुमचा होस्टिंग सर्व्हर जगाला सांगतो की हा मेल अमक्याच्या याहू खात्यावरून आला. याहूने २०१४ मध्येच आपल्या पत्त्यांसाठी डीमार्क "रिजेक्ट"वर (ओळख पटली नाही तर मेल नाकारा) नेलं, त्यामुळे असे मेल नाकारले जाणारच. जीमेलचा पत्ता फ्रॉममध्ये लावून बाहेरून पाठवू नका, असं गूगलच्या नियमांतही स्पष्ट लिहिलेलं आहे. उपाय सोपा: फ्रॉममध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता, ग्राहकाचा पत्ता "रिप्लाय-टू"मध्ये. वर्डप्रेस असेल तर एसएमटीपीचं (मेल पाठवायच्या पद्धतीचं) प्लगइन लावून मेल तुमच्या मेलबॉक्समार्फत पाठवा.

टॅलीचं उदाहरण जवळून सांगण्यासारखं आहे. एका कंपनीने मेल वर्कस्पेसवर नेले, डीकेआयएम लावलं, साहेबांचे मेल सुरळीत. इन्व्हॉइस मात्र स्पॅममध्ये. टॅलीच्या ई-मेल सेटिंगमध्ये जुन्या होस्टिंगचाच एसएमटीपी सर्व्हर आणि जुना पासवर्ड होता, आणि तो सर्व्हर अजून चालूही होता, म्हणून एररही येत नव्हती. नवीन एसपीएफमध्ये तो नाही, सहीही नाही. अकाउंटंट मॅडमचं म्हणणं, "आमच्याकडे सेंट दाखवतंय." बरोबरच होतं त्यांचं. टॅलीत वर्कस्पेसचा सर्व्हर आणि ॲप पासवर्ड (एका सॉफ्टवेअरपुरता काढलेला वेगळा पासवर्ड) टाकला, काम झालं.

न्यूजलेटरच्या सेवा बहुतेक वेळा पाकिटामागे स्वतःचा पत्ता लावतात. त्यामुळे त्यांचं एसपीएफ पास होऊनही तुमच्याशी जुळत नाही. त्यांच्या पॅनेलमध्ये "डोमेन ऑथेंटिकेशन" शोधा, ते देतील ते डीकेआयएमचे रेकॉर्ड टाका.

सातवी: डीमार्क

वरचं सगळं झाल्याशिवाय इकडे येऊ नका. सुरुवात "p=none"ने, म्हणजे "नन"ने (कारवाई नको, फक्त अहवाल) करा आणि अहवालासाठी एक पत्ता द्या. गूगल, याहूचा नियम "नन"नेही पूर्ण होतो. अहवाल झिप केलेल्या एक्सएमएल फाइलमध्ये रोज येतात, वाचायला किचकट. फुकट वाचून देणाऱ्या सेवा आहेत. मात्र अहवालाचा पत्ता दुसऱ्या डोमेनचा असेल तर त्या डोमेननेही डीएनएसमध्ये तशी संमती द्यावी लागते, नाहीतर अहवाल येतच नाहीत.

निदान एक पूर्ण महिना अहवाल बघा. महिनाच का, तर पगाराच्या स्लिपा, महिनाअखेरची स्टेटमेंट, जीएसटीच्या तारखेच्या आसपासची पत्रं हे रस्ते महिन्यातून एकदाच वापरले जातात. त्यानंतर "क्वारंटाइन" (संशयित मेल स्पॅममध्ये टाका), मग "रिजेक्ट". इंटरनेटवर वाचून थेट "रिजेक्ट" लावणारे भेटतात. त्यांच्या स्वतःच्याच इन्व्हॉइस त्यांनी बंद पाडलेल्या असतात.

"रिजेक्ट"पर्यंत जायचा फायदा वेगळा आहे. "आमचं बँक खातं बदललंय, पेमेंट इथे करा" असा मेल हुबेहूब तुमच्या पत्त्यावरून कोणी पाठवला, तर डीमार्क पाळणारे सर्व्हर तो अडवतात. एक अक्षर बदलून घेतलेल्या मिळत्याजुळत्या डोमेनला मात्र हे अडवू शकत नाही, म्हणून पार्टीला खातं बदलल्याचं फोनवर विचारायची सवय लावाच.

तिन्ही पास, तरी स्पॅम?

होतं असं. ओळख पटली म्हणजे विश्वास बसला असं नाही. आता प्रश्न तुमच्या डोमेनच्या लौकिकाचा आहे. दिवाळीला विकत घेतलेल्या यादीवर एकगठ्ठा शुभेच्छा आणि कॅटलॉग पाठवलेत, लोकांनी "रिपोर्ट स्पॅम" दाबलं, तर त्याचा फटका कोटेशनला बसतो. गूगलच्या नियमात तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत पोचू द्यायचं नाही, ०.१ टक्क्याखाली ठेवलेलं बरं. हजार मेलमागे तीन जण चिडले की सीमा गाठली. गूगल पोस्टमास्टर टूल्समध्ये हे बघता येतं, पण थोडेच मेल जात असतील तर तिथे काही दिसत नाही. जाहिरातीचे मेल वेगळ्या सबडोमेनवरून पाठवा, यादी स्वतः जमवलेली ठेवा, "नको" म्हणणाऱ्याला लगेच वगळा.

स्वस्त शेअर्ड होस्टिंगवरून मेल जात असतील तर शेजाऱ्याच्या उद्योगांमुळे आयपी काळ्या यादीत गेलेला असू शकतो. अशी काळी यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या स्वतःच्या साइटवर आयपी टाकून बघा. होस्टिंगवाल्याला तिकीट टाका. ते हलत नसतील तर मेल तिथून काढून चांगल्या सेवेवर नेणं हाच उपाय.

इथे थांबा, माणूस बोलवा

मेलबॉक्स हॅक झाल्याची शंका असेल तर पासवर्ड बदला, टू-स्टेप लावा, फॉरवर्डिंग आणि फिल्टरचे अनोळखी नियम तपासा, आणि जाणकाराला लगेच बोलवा. पैसे चुकीच्या खात्यात गेले असतील तर त्याची वाट न बघता आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा.

स्वतःचा मेल सर्व्हर चालवत असाल आणि आयपीच्या उलट नोंदीचा, म्हणजे पीटीआर रेकॉर्डचा प्रश्न असेल, तर तो तुमच्या डीएनएसमध्ये सुटत नाही. आयपी देणाऱ्या कंपनीकडूनच करून घ्यावा लागतो. तीन-चार डोमेन, अनेक शाखा आणि वेगवेगळी सॉफ्टवेअर असलेल्या कंपनीने "क्वारंटाइन"च्या पुढे एकट्याने जाऊ नये. एमएक्स रेकॉर्डला (येणारे मेल कुठे न्यायचे ते सांगणाऱ्या नोंदीला) हात लावायची वेळ आली आणि तुम्हाला खात्री नसेल, तर तिथेही थांबा, कारण तिथे चूक झाली की येणारे मेलही बंद.

ज्याला बोलवाल त्याला नापास झालेल्या मेलचं पूर्ण हेडर, बाउन्सचा मजकूर आणि मेल पाठवणाऱ्यांची ती कागदावरची यादी द्या. त्याचे दोन तास वाचतील आणि तुमचे पैसे. आत्ताच्या सगळ्या रेकॉर्डचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. डोमेनचा मुख्य पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. बहुतेक कंपन्यांच्या पॅनेलमध्ये दुसऱ्या माणसाला मर्यादित प्रवेश देता येतो, तो द्या आणि काम झालं की काढून घ्या.